फाइल व्हॅलिड आहे, सर!

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा यांपैकी कुठेही काम करणाऱ्या, चाळिशीकडे झुकलेल्या एखाद्या प्रोग्रॅमरला एकदम गाठून विचारा, "बेल्जियन वॉफल केवढ्याला?" तो जरा चपापेल आणि मग म्हणेल, "पाच डॉलर पंचाण्णव सेंट." आणखी खोदलंत तर त्यात साडेसहाशे कॅलरी असतात हेही सांगेल. त्याने उभ्या आयुष्यात वॉफल खाल्लेलं नसतं. घरून पोहे खाऊन निघालेला माणूस तो. पण एक्सएमएल शिकायला तो ज्या डब्ल्यूथ्रीस्कूल्स नावाच्या संकेतस्थळावर गेला होता, तिथली नमुना फाइल एका डॉलरवाल्या हॉटेलातल्या न्याहारीच्या मेनूकार्डाची होती आणि त्या कार्डावरचा पहिला पदार्थ वॉफल होता.

तिथेच दुसरी एक फाइल होती. जानी नावाच्या कुणीतरी तोव्ह नावाच्या कुणालातरी लिहिलेली चिठ्ठी, की या शनिवार-रविवारी मला विसरू नकोस. तिसरी सीडींच्या यादीची, तीत पहिलीच सीडी बॉब डिलनची, १९८५ सालची. सांगली, नांदेड, जळगाव, चंद्रपूरहून आलेल्या कितीतरी मुलामुलींनी ती चिठ्ठी फोडली, तिचे तुकडे केले, ते पुन्हा जोडले. तोव्ह आणि जानीची शनिवारी भेट झाली का, हे एकानेही कधी विचारलेलं नाही. परीक्षेत तो प्रश्न नसतो.

मी या मुलांना शिकवतो. कंपन्यांच्या भाषेत मी 'एक्स्टर्नल ट्रेनर'. म्हणजे गेटवर लॅपटॉपचा नंबर लिहून घेऊन, गळ्यात 'व्हिजिटर'ची पट्टी अडकवून ज्याला आत सोडतात आणि कँटीनमध्ये ज्याचं कार्ड चालत नाही तो. इंजिनिअरिंगचे निकाल लागून पावसाळा स्थिरावला की नव्या भरतीच्या बॅचा सुरू होतात. जावाला आठवडे मिळतात, एसक्यूएलला दिवस मिळतात, आणि त्यातून काही उरलं तर एक्सएमएलच्या वाट्याला येतं. "सर, दोन दिवसांत उरकता येईल ना?" असं ट्रेनिंगच्या मॅडम फोनवर विचारतात. त्या विचारत नसतात, सांगत असतात.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका संगणकाने दुसऱ्याला माहिती पाठवताना ती नुसती ओतून चालत नाही, त्यातला कुठला तुकडा काय आहे ते सांगावं लागतं. एक्सएमएलमध्ये प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर त्याच्या नावाची पाटी लावतात. <गाव>मिरज</गाव>. या पाट्यांना टॅग म्हणायचं. उघडलेला टॅग बंद केलाच पाहिजे, आत उघडलेला आतच बंद झाला पाहिजे आणि सगळ्यांच्या बाहेरून एकच टॅग असला पाहिजे. बस. एवढं दहा मिनिटांत सांगून होतं. उरलेला सगळा वेळ या तीन वाक्यांचे परिणाम भोगण्यात जातो.

हे सगळं इतकं काटेकोर का, याचं उत्तर या विषयाच्या जन्मकुंडलीत आहे. या कुळाचा मूळ पुरुष चार्ल्स गोल्डफार्ब हा पेशाने वकील होता. १९६९ साली आयबीएममध्ये वकिलांच्या कचेऱ्यांमधल्या कागदपत्रांची व्यवस्था लावता लावता त्याने मोशर आणि लॉरी या दोघांना घेऊन जीएमएल नावाची पद्धत काढली. जी म्हणजे गोल्डफार्ब, एम म्हणजे मोशर, एल म्हणजे लॉरी. या अक्षरांचा भारदस्त विस्तार नंतर शोधण्यात आला. त्याच पद्धतीची थोरली आवृत्ती एसजीएमएल ही १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि तिला हडकुळी करून १० फेब्रुवारी १९९८ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एक्सएमएल जाहीर केलं. वकिलाने सुरू केलेल्या घराण्यात उघडलेलं कलम बंद झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, यात नवल कसलं?

त्या १९९८च्या दस्तऐवजात सुरुवातीलाच दहा उद्दिष्टं दिलेली आहेत. दहावं असं, की लिखाण आटोपशीर असण्याला फारसं महत्त्व नाही. दहापैकी इतकं तंतोतंत पाळलं गेलेलं दुसरं उद्दिष्ट नाही. चौथं उद्दिष्ट म्हणजे एक्सएमएल वाचणारे प्रोग्रॅम लिहिणं सोपं असावं. माझ्या घराचे हप्ते या चौथ्या उद्दिष्टातून फिटतात.

पहिल्या सत्राला मुलं एक ठाम मत घेऊन आलेली असतात. एक्सएमएल मेलं. आता जेसन आहे. (जेसन हा माणूस नव्हे, महिरपी कंसांची आटोपशीर पद्धत आहे. तीत दहाव्या उद्दिष्टाच्या नेमकं उलट धोरण असल्यामुळे ती तरुणांना आवडते.) मागच्या रांगेतला कुणीतरी हात वर करून म्हणतो, "सर, हे लेगसी झालं ना आता?" आमच्या धंद्यात लेगसी म्हणजे ज्यावर सगळं चाललेलं आहे पण ज्याला हात लावायला कुणी तयार नाही, असं काहीही.

मी त्याला विचारतो, "सकाळी काय खाल्लंस?"

"वडापाव, सर. गेटबाहेर."

"पैसे?"

"यूपीआय."

मग मी पडद्यावर दाखवतो, की त्याच्या फोनवर टिंग वाजण्याआधी बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यात जे निरोप गेले, ते एक्सएमएलमध्ये होते. पैसे देणाऱ्याचा टॅग, त्याच्या आत रकमेचा, चलन रुपये, घेणाऱ्यांचा वेगळा, आणि शेवटी डिजिटल सही, जिची अक्षरं वडापावाच्या किमतीच्या मानाने फारच जास्त. वीस रुपयांच्या वड्याला एवढा कागद मंत्रालयातही लागत नसेल. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल एक्सएमएल. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने नवी आरटीजीएस यंत्रणा आणली ती आयएसओ २००२२ या मानकावर, तेही एक्सएमएल. आणि ज्या पिढीने करनिर्धारण वर्ष २०२०-२१ पर्यंतची आयकर विवरणपत्रं घरी एक्सेलमध्ये भरली, तिला 'जनरेट एक्सएमएल' हे बटण आठवत असेलच. ३१ जुलैच्या रात्री साडेअकरा वाजता ते बटण दाबून बसलेल्या सदाशिव पेठेतल्या निवृत्त शिक्षकांनी, त्यांना न विचारता, एक्सएमएल लिहिलेलं आहे. पुढच्या वर्षापासून आयकर खातं जेसनकडे वळलं. त्या शिक्षकांना फरक कळला नाही, हेच दोन्ही पद्धतींचं यश.

एवढं दाखवल्यावर मागची रांग गप्प होते. पटलं म्हणून नव्हे. जेवणाची वेळ झालेली असते.

जेवणानंतर झाड येतं. एक्सएमएलची फाइल वाचून झाली की संगणकाच्या स्मृतीत तिचं झाड उभं राहतं, पण त्या झाडावरची नाती मात्र घरातली: पालक, अपत्य, भावंड, पूर्वज, वंशज. या झाडावर फिरण्यासाठी एक्सपाथ नावाची भाषा आहे, १९९९ची, आणि तिच्यात फिरण्याच्या तेरा दिशा दिलेल्या आहेत. थोरलं भावंड वेगळं, धाकटं वेगळं, इतका बारीक विचार केलेला आहे. लग्नाच्या याद्या करण्यात वाढलेल्या आपल्या मुलांना हे चटकन समजावं अशी माझी अपेक्षा असते. समजतंही. मग शंका सुरू होतात.

"सर, प्रत्येकाला पालक एकच?"

"एकच."

"आई नाही?"

"नाही. पुढे चला."

"चुलतभावासाठी काय लिहायचं?"

"चुलतभाऊ थेट नाही. आधी वडिलांकडे जायचं, मग त्यांच्या भावाकडे, मग त्याच्या मुलाकडे."

यावर कोल्हापूरकडचा एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे काकांकडूनच जावं लागणार. आमचं बांधावरून त्यांच्याशी बोलणं बंद आहे, सर."

झाडाची खरी फजिती पुढे आहे. पहिलं अपत्य आण, असं प्रोग्रॅममध्ये लिहिलं की पुष्कळदा हातात काहीच येत नाही. म्हणजे येतं, पण ती रिकामी जागा असते. फाइल माणसाला वाचायला सोपी जावी म्हणून कुणीतरी टॅगनंतर ओळ मोडलेली असते आणि चार स्पेस दिलेल्या असतात. माणूस त्यांच्याकडे पाहतही नाही. झाडाला मात्र तीच थोरली लेक वाटते. एक्सपाथमध्ये मोजणी एकपासून सुरू होते आणि बाकीच्या बहुतेक भाषांत शून्यापासून. त्यामुळे सायंकाळपर्यंत अर्धा वर्ग थोरल्या मुलाच्या जागी मधल्याला घेऊन बसलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्याच्या हातात हवा असते.

नेमस्पेस शिकवायला मी सकाळची वेळ राखून ठेवतो, कारण त्यानंतर काही शिकवता येत नाही. कल्पना साधी आहे. तुमचाही टॅग 'नाव', माझाही टॅग 'नाव', दोन्ही एका फाइलीत आले तर ओळखायचे कसे? म्हणून प्रत्येकाला एक आडनाव जोडायचं. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नसते. पण हे आडनाव संकेतस्थळाच्या पत्त्याच्या रूपात देण्याची प्रथा पडली आणि तिथे सगळा घात झाला. तो पत्ता कुठे जाईलच असं नाही. जावा अशी अपेक्षाही नाही. ते फक्त नाव आहे. हे मी सांगतो, फळ्यावर लिहितो, खाली दोन रेघा मारतो. पाच मिनिटांनी तिसऱ्या रांगेतून आवाज येतो, "सर, ही लिंक ओपन होत नाहीये. कंपनीने ब्लॉक केलीय का?"

मुलांना हसू नये. पत्ता दिसला की प्रोग्रॅमसुद्धा तिकडे धावतात. २००८ साली डब्ल्यूथ्रीसीने वैतागून जाहीर केलं, की जगभरचे प्रोग्रॅम आमच्या सर्व्हरवरून टॅगांचं व्याकरण लिहिलेल्या त्याच त्या फाइली मागत राहतात आणि या मागण्या दिवसाला तेरा कोटींपर्यंत जातात. वर्षानुवर्षं न बदललेली फाइल. एकदा नेऊन घरी ठेवली असती तरी चाललं असतं. शेवटी त्यांनी असल्या मागण्यांना मुद्दाम सावकाश उत्तर द्यायला सुरुवात केली. चतकोर वाटी साखर मागायला रोज येणाऱ्या शेजाऱ्यासाठी दार उघडायला वेळ लावतात, तोच उपाय.

नेमस्पेसचा दुसरा विंचू अधिक विषारी आहे. फाइलीच्या डोक्यावर बिनउपसर्गाचं आडनाव लावलेलं असलं की आतल्या प्रत्येक टॅगला ते आपोआप चिकटतं, डोळ्यांना मात्र दिसत नाही. मग 'पुस्तक' शोधायला सांगावं तर उत्तर येतं शून्य. चूक नाही, इशारा नाही, नुसतं शून्य. समोर पडद्यावर पुस्तक दिसतंय, प्रोग्रॅम म्हणतोय पुस्तक नाही. भांडारकर संस्थेचा संदर्भ विभाग असता तर निदान चिठ्ठीवर शेरा तरी लिहून मिळाला असता.

फाइल मोठी असली तर झाड उभं करण्याइतकी स्मृती उरत नाही. दोन जीबीची फाइल डॉमने, म्हणजे असं अख्खं झाड उभं करून, उघडणारा मुलगा प्रत्येक बॅचमध्ये एक असतो. त्याच्या लॅपटॉपचा पंखा कँटीनपर्यंत ऐकू येतो. अशा वेळी सॅक्स नावाची जुनी, काटकसरी पद्धत वापरतात. ती फाइल वाचत जाते, टॅग उघडला की सांगते, मजकूर आला की सांगते, टॅग मिटला की सांगते, आणि सांगून विसरते. काही लक्षात ठेवायचं ते तुम्ही ठेवा. फक्त एक बारीक अट आहे: मजकूर एकाच हप्त्यात मिळेल असं तिने वचन दिलेलं नाही. ती फाइल तुकड्या-तुकड्यांनी वाचते आणि तुकडा संपतो त्या जागी नेमकं कुणाचं तरी आडनाव असतं. मग 'कुल' एकदा येतं आणि 'कर्णी' नंतर. शेवटचं आलेलं तेवढं ठेवणारा प्रोग्रॅम हजारो ग्राहक बिनचूक वाचतो आणि मध्येच एका सभ्य गृहस्थांना 'श्री. कर्णी' करून टाकतो. चाचणीची फाइल छोटी असते, तीत हे कधीच होत नाही. खऱ्या फाइलीत होतं, आणि पत्र छापून पोस्टात पडल्यावर कळतं.

एक्सएमएलचं रूप पालटणाऱ्या एक्सएसएलटी या भाषेबद्दल मी फार बोलत नाही. त्यात व्हेरिएबलची किंमत एकदा ठरली की बदलता येत नाही, हे ऐकल्यावर मुलं माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला सहन होत नाही.

आता अँपरसँडकडे येऊ. '&' हे चिन्ह. एक्सएमएलमध्ये पाच चिन्हांवर बंधन आहे आणि त्यात हे सगळ्यात खोडकर. ते मजकुरात सुटं आलं की वाचणारा प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो. सांभाळून घेत नाही. एचटीएमएल वाचणारा ब्राउझर अर्धवट टॅग, उलटसुलट कंस, सगळं पोटात घालून काहीतरी दाखवतो. एक्सएमएलच्या वाचकाला तशी मुभाच नाही. नियमच आहे, की घातक चूक दिसल्यावर नेहमीसारखं पुढे वाचत जायचं नाही. आणि आपल्याकडे निम्म्या दुकानांची नावं 'अमुक & सन्स', 'तमुक & कंपनी', 'ढमुक & ब्रदर्स'. एका कंपनीत रात्री दोन वाजता पुरवठादारांची यादी दुसरीकडे जायची. कित्येक महिने सुरळीत चाललेलं काम एका रात्री बंद पडलं. सकाळी दहा माणसं कॉलवर. कारण? आदल्या दिवशी एका पुरवठादाराचा मुलगा धंद्यात आला होता आणि दुकानाच्या नावाला '& सन' जोडलं गेलं होतं.

मुळात हे होतं कशामुळे? एक्सएमएल लिहिण्यासाठी तयार साधनं असतात, ती ही चिन्हं आपोआप सांभाळतात. पण आमचा प्रोग्रॅमर ती वापरत नाही. तो टॅगचं नाव अवतरणात लिहितो, अधिक चिन्ह, मग ग्राहकाचं नाव, अधिक चिन्ह, मग बंद टॅग. "सर, पटकन होतं." पटकन होतंच. वाचतानाही तो रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरातले साचे शोधणाऱ्या साधनाने, टॅग उपटतो. एकात एक कितीही खोल जाऊ शकणारी रचना त्या साधनाने पकडता येत नाही, हे त्याला पदवीच्या तिसऱ्या वर्षी शिकवलेलं असतं आणि त्यावर त्याने आठ मार्कांचं उत्तरही लिहिलेलं असतं.

मुलांना सगळ्यात आवडतो तो सुरक्षेचा तास, कारण त्यात खलनायक आहे. एक्सएमएलमध्ये एखाद्या लांब मजकुराला छोटं नाव देऊन ठेवता येतं आणि ते नाव लिहिलं की तो मजकूर तिथे उलगडतो. कुणा खट्याळाने पहिल्या नावात 'लोल' एवढंच भरलं. दुसऱ्यात पहिलं दहा वेळा. तिसऱ्यात दुसरं दहा वेळा. असं करत गेलं की एक केबीसुद्धा नसलेली फाइल उघडताना शंभर कोटी 'लोल' होते आणि तीन जीबी स्मृती खाऊन सर्व्हर आडवा पडतो. व्याकरणदृष्ट्या ती फाइल निर्दोष असते. या हल्ल्याचं नावच 'बिलियन लाफ्स'. विनोदी लेख लिहिणाऱ्या माणसाने त्याबद्दल असूया बाळगण्यापलीकडे काही करू नये. नव्या वाचकसाधनांपैकी पुष्कळांत या उलगडण्यावर मर्यादा घातलेली असते. विनोदावर मर्यादा घालण्याचा असा रास्त प्रसंग विरळा.

आणि शेवटी येतो तो शब्द, ज्यासाठी मी एवढा घसा कोरडा करतो: व्हॅलिड. फाइलीचं व्याकरण ठरवून देणारा एक करारनामा असतो, त्याला स्कीमा म्हणतात. नाव अक्षरांत, वय संख्येत, तारीख तारखेच्या रूपात, अमुक टॅग एकदाच, तमुक हवा तितक्या वेळा. फाइल या करारात बसली की ती व्हॅलिड. मुलं प्रोग्रॅम चालवतात, हिरवी खूण येते, आणि खुर्चीत मागे रेलून सांगतात, "फाइल व्हॅलिड आहे, सर!" त्या क्षणी त्यांचं शिक्षण संपलं असं त्यांना वाटतं. माझ्या मते ते तिथून सुरू व्हायला हवं.

टॅली घ्या. महाराष्ट्रातल्या किराणा दुकानापासून साखर कारखान्यापर्यंत हिशेब टॅलीत असतो आणि टॅली आपला हिशेब एक्सएमएलमध्ये बाहेर देते. त्यात नावेच्या नोंदीला एक टॅग असतो, 'इझ डीम्ड पॉझिटिव्ह', आत उत्तर 'यस'. म्हणजे ही रक्कम धन मानावी. आणि शेजारच्याच टॅगमध्ये रक्कम दिलेली असते, उणे चिन्हासकट. प्रोग्रॅमर रडकुंडीला येतो. मग हिशेबखात्यातल्या काका-मंडळींपैकी कुणीतरी वर न बघता म्हणतं, "नावे आहे ते. नावेला असंच असतं." हे वाक्य कुठल्याही स्कीमात लिहिलेलं नाही. ते त्या काकांकडेच मिळतं, आणि काका मार्चअखेरीस निवृत्त होणार असतात.

मराठीचा प्रश्न तर मी वेगळा काढून ठेवतो. टॅगची नावं देवनागरीत देता येतात, हे सांगितल्यावर वर्गात दर वेळी आनंदाची लाट येते. मग मी सातबाऱ्याचा टॅग करायला सांगतो. तिरप्या रेषेमुळे '७/१२' कुठल्याच लिपीत चालत नाही. नाव इंग्रजी अंकाने सुरूही होऊ शकत नाही. मात्र २००८च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे ते देवनागरी '७'ने सुरू होऊ शकतं! वर्ग टाळ्या वाजवतो. लगेच एक मुलगी वयाच्या टॅगमध्ये देवनागरी '३५' लिहून बघते आणि स्कीमा म्हणतो, ही संख्याच नाही. त्याला संख्या म्हणून फक्त इंग्रजी अंक कळतात. टॅगच्या नावात मराठी अंकाला मान, हिशेबात किंमत शून्य. असा कारभार आपल्याला नवा नाही, त्यामुळे कुणी निषेध नोंदवत नाही.

याच्याही पुढची पायरी जुन्या फाइलींची. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे दर छापखान्याचा आणि दर कचेरीचा फॉन्ट वेगळा होता: शिवाजी, श्रीलिपी, आणखी कितीतरी. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं भरलेली असायची. अशा फाइलीवर मग कुणीतरी घाईने टॅग चढवतो. <गाव> बरोबर उघडलेलं, </गाव> बरोबर बंद झालेलं, आणि मध्ये जे आहे ते मिरज आहे की मालवण हे देवालाही कळू नये. स्कीमा विचारतो, इथे अक्षरं आहेत ना? आहेत. व्हॅलिड!

जन्मतारीख १ जानेवारी १९००, व्हॅलिड. मोबाइल नंबर दहा वेळा नऊ, व्हॅलिड. पिनकोडच्या जागी सहा शून्यं, तीही काही स्कीमांना चालतात. परदेशी स्कीमात पत्त्याला रस्ता आणि घर क्रमांक असे दोनच रकाने. आपल्या माणसाचं घर मात्र मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीच्या वर, असं असतं, आणि ते सगळं 'स्ट्रीट' या एका टॅगात कोंबलं जातं. या बाबतीत आधारवाल्यांचं कौतुक केलं पाहिजे. त्यांच्या एक्सएमएलमध्ये 'केअर ऑफ'ला जागा आहे, पोस्ट ऑफिसला आहे, 'गाव किंवा शहर' एकत्र आहे आणि 'लँडमार्क'लाही स्वतंत्र स्थान आहे. मारुतीच्या देवळाला अधिकृत रकाना देणाऱ्या त्या अनामिक अधिकाऱ्याने कधीतरी टपाल वाटलेलं असणार, असा माझा संशय आहे.

हे सगळं शिकवायला हवं तर दोन दिवसांत वॉफल संपवून भागणार नाही. नमुन्याची फाइल नेहमी खात्यापित्या घरची असते: टॅग नीट, तारखा नीट, किमती डॉलरमध्ये. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात जी येते तिची पहिली ओळच कोरी असते (आणि घोषणेच्या आधी कोरी ओळ चालत नाही), अक्षरं साठवायची पद्धत म्हणून वर लिहिलेलं असतं यूटीएफ-आठ, आत दुसरंच काही, आणि पाठवणारा फोन उचलत नाही. त्या फोनवर कसं बोलायचं, काय विचारायचं, 'आमच्याकडून बरोबरच जातंय' या वाक्याला काय उत्तर द्यायचं, हा अभ्यासक्रमाचा भाग असायला हवा. मी एकदा तो घातला होता. फीडबॅक फॉर्मवर शेरा आला: 'विषयाला धरून नव्हतं. जेवण चांगलं होतं.'

तरी ट्रेनिंगच्या मॅडमना आणि त्यांच्या वरच्या साहेबांना माझी विनंती आहे. पहिल्या दिवशी सकाळी मुलांना एखाद्या शासन निर्णयाचा कागद द्या. संदर्भ, प्रस्तावना, निर्णय, प्रत कुणाकुणाला, सगळं त्यात आधीच जागच्या जागी असतं. त्याला टॅग लावायला सांगा. दुपारी टॅलीची फाइल द्या, नावं पुसून. दुसऱ्या दिवशी जाणूनबुजून बिघडवलेली फाइल द्या आणि ती पाठवणाऱ्याच्या भूमिकेत हिशेबखात्यातल्या त्या काकांना बसवा. काकांना चहा आणि मानधन द्या. ट्रेनरच्या मानधनातून कापू नका.

आणि वाचकहो, तुम्ही म्हणाल आमचा याच्याशी काय संबंध. घरच्या संगणकावर सोसायटीच्या सभेची नोटीस वर्डमध्ये असेलच. तिची एक प्रत करा आणि त्या प्रतीच्या नावातलं शेवटचं 'डॉक्स' खोडून 'झिप' लिहा. मग उघडा. आत फोल्डर निघतील, 'वर्ड' नावाच्या फोल्डरात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल मिळेल, आणि 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' हे तुमचं वाक्य टॅगांच्या जंगलात पाच ठिकाणी तुटून पडलेलं दिसेल. बघून झालं की तसंच बंद करा. काही बदलू नका. आणि हे सगळं प्रतीवरच करा, मूळ फाइलीवर नको. सेक्रेटरी मला फोन करतात.